पान गळण्याआधीच डोळा तयार असतो: निसर्ग पाहत पुन्हा उभं राहण्याची रीत

पानझडीच्या झाडावरून पान सुटतं, तेव्हा पुढच्या हंगामाची तयारी झालेली असते. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या बेचक्यात नव्या वाढीचा डोळा पान हिरवं असतानाच बसलेला असतो. देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर तयार होतो, झाड तिथून पान सोडून देतं आणि ती जागा बुजवून घेतं. लांबून बोडकी दिसणारी फांदी जवळ जाऊन बोटाने चाचपली, तर तिच्यावर ओळीने बारीक उंचवटे लागतात.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये निकोला एर्मां नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने हिवाळ्यात असंच एक निष्पर्ण झाड पाहिलं. याला काही दिवसांनी पानं फुटतील, मग फुलं, मग फळं, हा विचार त्याच्या मनात इतका खोल उतरला की त्याचं आयुष्यच वळलं. पुढे तो पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स या नावाने राहिला आणि तिथल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं राबला. त्याने पाहिलं ते झाड त्या हिवाळ्यात इतरांनाही दिसत असणार. तो थांबला आणि त्याने ते पाहिलं, एवढाच फरक.

आपल्या हातून मोठी चूक झाली आहे, कुणी जवळचं माणूस गेलं आहे, श्रद्धा आटली आहे किंवा काही केल्या उभारी येत नाही, अशा अवस्थेतल्या माणसासाठी हा लेख आहे. तुम्ही देव मानत असाल किंवा नसाल, ही रीत दोघांनाही चालते. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. निसर्गात पुन्हा संधी मिळते, पण सगळं पूर्वीसारखं होऊन ती मिळत नाही. उरलं आहे त्यातून वाढ होते आणि तुटलेलं तुटलेलंच राहतं. हे एकदा मान्य झालं की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

बाहेर पडण्याआधी बसून एकच वाक्य लिहा: मला कशातून पुन्हा उभं राहायचं आहे? ‘मन:शांती हवी’ असं मोघम लिहू नका. ‘भावाशी तोडलेलं बोलणं’, ‘आई गेल्यापासूनचं रिकामपण’, ‘प्रार्थनेला बसलो तरी आत काही हलत नाही’ असं नेमकं लिहा. 

ही वाक्यं साधारण तीन प्रकारची निघतात. एखाद्याच्या मनावर अपराधाचं ओझं असतं, कुणाला हानीचं दु:ख असतं, तर कुणाच्या आत कोरडेपणा आलेला असतो. तिघांनी एकच झाड पाहिलं तरी पाहायचं वेगवेगळं असतं, म्हणून आपण यांपैकी कुठे आहोत हे ठरवणं महत्त्वाचं आहे. वाक्य लिहिल्यावर ते वहीत मिटून ठेवा. रोज झाडासमोर बसून ते घोकायचं नाही.

जागा एकच, आणि अगदी जवळची

डोंगर, समुद्र, घनदाट अरण्य यांची ओढ मी समजू शकतो. पण या कामासाठी ती जागा नको. तिथे आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याला बदल दिसत नाहीत. जिथे तुम्ही थकलेले असतानाही, वाईट हवेतही पोचाल, अशी जागा हवी. रस्त्याकडेचं एक झाड, गच्चीतल्या चार कुंड्या, भिंतीच्या भेगेत उगवलेलं रोपटं किंवा खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडाही पुरतो.

जागा निवडताना शक्यतो निर्दोष झाड टाळा. फांदी मोडलेलं, साल खरवडलेलं, एका बाजूने वाळलेलं झाड घ्या. नीटनेटक्या बागेपेक्षा अशा झाडाजवळ पाहण्यासारखं कितीतरी जास्त असतं आणि दुखावलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

किती वेळ, कसं बसायचं

रोज पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो त्याच वेळी. इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एका बैठकीत घालवला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरं. पण रोजच्या थोड्या वेळालाही किंमत आहे एवढा भरवसा त्यातून घ्यायला हरकत नाही.

फोन घरी ठेवा किंवा बंद करून खिशात टाका. फोटो काढू नका. फोटो काढला की ‘नंतर पाहू’ म्हणून डोळा तिथून उठतो. पहिली काही मिनिटं काहीच शोधू नका, नुसता श्वास संथ होऊ द्या. मग सर्वांत दूरचा आवाज ऐका, त्यानंतर जवळचा. नंतर नजर एका हाताएवढ्या जागेवर आणा: सालीचा एक तुकडा, एक पान, मातीचा एक वितभर चौकोन. बैठक संपेपर्यंत तिथेच राहा.

मन भटकेल, जुने संवाद पुन्हा सुरू होतील. त्याच्याशी भांडू नका. पानाच्या कडेवर दाते किती आहेत ते मोजायला लागा. नामस्मरणाची सवय असलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथे मन नामावर परत आणतात, इथे पानावर.

वहीत आधी डोळ्याचं, मग मनाचं

परत आल्यावर दहा ओळी पुरेत. वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं ते लिहा: ‘खालच्या फांदीवर तीन नवी पानं, तांबूस, अजून मऊ. मुंग्यांची रांग काल डावीकडून होती, आज उजवीकडून.’ उजवीकडे मनात काय उमटलं ते लिहा. उजवी बाजू कोरी राहिली तरी चालेल, डावी राहता कामा नये.

हा क्रम काटेकोरपणे पाळावा असं माझं ठाम मत आहे. आधी मनातलं लिहायला बसलो तर झाडाला आपण आपलंच दु:ख नेसवतो आणि मग ते आपल्याला नवं काही सांगू शकत नाही. पहिले काही आठवडे डावी बाजू भरत राहिली की उजवीकडे आपोआप येणाऱ्या ओळी वेगळ्या असतात. त्या तुम्ही ठरवून लिहिलेल्या नसतात.

काय पाहायचं

अपराधाचं ओझं असेल तर झाडाची जखम पाहा. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतलं लाकूड तपासलं. आपल्या कातडीची जखम भरते तशी झाडाची भरत नाही, हे त्यांनी दाखवलं. झाड मोडलेला, किडलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती उभारतं, कीड पुढे सरकणार नाही असा बंदोबस्त करतं आणि त्या भिंतीबाहेर नवं लाकूड वाढवत जातं. बुंध्यावर तुटलेल्या फांदीच्या जागी जी गोल, ओठासारखी कड दिसते, ती ही नवी वाढ. वर्षागणिक ती आत सरकते. कधी पूर्ण मिटते, कधी मिटत नाही. पण मिटल्यानंतरही जुनी जखम आत जशीच्या तशी असते.

ही कड बोटाने चाचपा. काही महिन्यांनी पुन्हा चाचपा. ‘माझ्या हातून जे झालं ते पुसलं गेलं पाहिजे, तरच मी नव्याने जगू शकेन’ अशी अट आपण स्वत:ला घातलेली असते. झाड ती अट घालत नाही. झालेलं आत ठेवून, त्याचा संसर्ग पुढच्या वर्षांना होऊ न देता ते वाढतं. आपल्या बाबतीत याचा अर्थ काय, कोणती भिंत उभारायची, कोणती सवय, कोणती संगत त्या भिंतीच्या पलीकडे ठेवायची, हे तुमच्या वहीच्या उजव्या बाजूला हळूहळू उतरेल.

हानीचं दु:ख असेल तर मुळाकडे पाहा. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. स्फोट झाला त्या बिंदूच्या खालच्या जागेपासून जेमतेम 370 मीटरवर विलोचं एक झाड होतं. त्याचं जमिनीवरचं खोड गेलं, पण मुळातून फुटवा आला आणि त्यातून नवं झाड उभं राहिलं. त्या शहरातली अशी वाचलेली झाडं आजही जपली जातात, त्यांच्यावर पाट्या लावलेल्या आहेत. तिथल्या माणसांचं दु:ख या फुटव्याने कमी झालं असेल असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. मात्र जे वर दिसतं तेवढंच झाड नसतं, हे त्या विलोने दाखवून दिलं. आपल्या जागेजवळ तोडलेला एखादा बुंधा असेल तर त्याच्या बुडाशी रोज पाहा. सालीखाली वर्षानुवर्षं निजलेले डोळे असतात. वरचा भार गेला, उजेड लागला की त्यांतले काही जागे होतात. सगळेच बुंधे फुटत नाहीत, हेही वहीत नोंदवा.

इथेच बियांचीही आठवण येते. 1879 मध्ये मिशिगनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी ओलसर वाळूत मिसळलेल्या बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून पाहायची असं ठरवलं. त्यांच्यानंतर पिढ्यानपिढ्यांच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग चालू ठेवला. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया सुमारे 140 वर्षांनंतर रुजल्या. मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात मिळालेलं खजुराचं बी तर सुमारे दोन हजार वर्षांचं होतं आणि 2005 मध्ये पेरल्यावर ते उगवलं. थांबून राहणं आणि मरून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दु:खात असलेल्या माणसाला ‘आता बाहेर पड’ असं घाई करून सांगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कोरडेपणा आला असेल तर शेवाळ शोधा. भिंतीवरचं, दगडावरचं वाळून काळपट, कुरकुरीत झालेलं शेवाळ. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि पाहत राहा. बऱ्याच जातींत काही मिनिटांतच बारीक पानं उलगडतात, हिरवी होतात. शेवाळाला पाणी धरून ठेवायला खोल मुळं नसतात, त्यामुळे ते कोरडं पडतं, कामकाज जवळपास थांबवतं आणि पाणी येईपर्यंत तसंच राहतं. पाऊस ओढून आणणं त्याच्या हातात नसतं. आतून कोरडं वाटत असताना जबरदस्तीने भाव आणण्याचा आटापिटा करणाऱ्या भाविकांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो. जागेवर टिकून राहणं हीसुद्धा साधना आहे.

या तिन्ही अवस्थांतल्या माणसांनी कोळी मात्र पाहावाच. चक्राकार जाळं विणणारे अनेक कोळी जुनं, फाटलेलं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातल्याच प्रथिनांपासून नवं सूत काढतात. कित्येक जाती हे जवळजवळ रोज करतात. कालचं फुकट गेलं नाही, ते आजच्या धाग्यात आलं. संध्याकाळी किंवा पहाटे जाळं विणताना कोळी सापडला तर त्या दिवशी पंधरा मिनिटांचा नियम मोडा आणि पूर्ण पाहा.

कात टाकणारे प्राणी दिसले तर नशीब समजा. निदान कात तरी सापडते: नाकतोड्याची, सापाची, खेकड्याची. कवच टाकल्यावर खेकड्याचं नवं अंग मऊ असतं आणि ते कडक होईपर्यंत तो लपून राहतो. दारू सोडलेल्या, रागावर ताबा मिळवू पाहणाऱ्या, नुकतीच माफी मागून घरी परतलेल्या माणसाने हे पाहण्यासारखं आहे. नव्याने सुरुवात केल्यावर लगेच चारचौघांत मिरवू नये, मोहाच्या जागी स्वत:ची परीक्षा पाहायला जाऊ नये. मऊपणाचे दिवस आडोशाला काढावेत.

फुलपाखराचं उदाहरण इतकं वापरलं गेलं आहे की ते टाळावंसं वाटतं, पण त्यातली एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. कोशात अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून नव्याने रचला जातो. तरीही 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अळी असताना एका विशिष्ट वासापासून दूर राहायला शिकलेले पतंग मोठे झाल्यावरही तो वास टाळताना आढळले. एवढं रूप पालटूनही शिकलेलं टिकलं. म्हणून ‘मी आता वेगळा माणूस आहे, जुनं मला विचारू नका’ हे म्हणणं मला पटत नाही.

अर्थ लावताना घ्यायची काळजी

निसर्गातून हवा तो अर्थ काढता येतो, हा या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका आहे. वादळ दिसलं की राग योग्य वाटतो, वेल दिसली की परावलंबन गोड वाटतं. यावर माझी एकच कसोटी आहे: लागलेल्या अर्थाने माझ्याकडून काही मागितलं का? जो अर्थ फक्त मला सोडवतो, तो निदान आठवडाभर बाजूला ठेवावा. त्यानंतरही तो खरा वाटला तर पाहू.

दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. झाड क्षमा करत नाही. ज्याला तुम्ही दुखावलं त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार झाडाला, नदीला, सूर्योदयाला नाही. पहाटेच्या उजेडात हलकं वाटलं म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही. त्या हलकेपणातून मिळालेलं बळ घेऊन त्या माणसापर्यंत जायचं असतं. त्याने दार उघडलं नाही तर तेही स्वीकारायचं असतं.

आणि झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा, घरच्यांना सांगा. झाडाखाली बसणं त्या उपचारांच्या जोडीने चालू शकतं, त्यांच्याऐवजी नाही.

दर आठवड्याला एक कृती

आठवड्याच्या शेवटी वही चाळा आणि उजव्या बाजूच्या एका ओळीखाली रेघ ओढा. त्या ओळीतून एक लहान, करता येईल अशी गोष्ट ठरवा. पत्र लिहायचं, उधारी फेडायची, मेलेल्या माणसाच्या कपाटातला एकच कप्पा आवरायचा, एका व्यक्तीबद्दल वाईट बोलायचं थांबवायचं. कृती एकच ठेवा आणि तारीख घाला. पुढच्या आठवड्यात झाली की नाही एवढंच लिहा, कारणं लिहू नका. नाही झाली तर तीच पुन्हा घ्या. दोनदा राहिली तर ती मोठी होती, निम्मी करा.

कंटाळा येईल तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो येतोच. ‘तेच झाड, तेच पान’ असं वाटू लागतं. तेव्हा जागा बदलू नका, अंतर बदला. उभं राहून पाहत असाल तर जमिनीला टेकून पाहा, भिंग वापरा, डोळे मिटून फक्त ऐका. रात्री एकदा जाऊन या. चंद्राची नोंद जोडा: तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि साडेएकोणतीस दिवसांत कलांची फेरी पूर्ण करतो. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी, वारा, पाणी, कोळी, मधमाशी यांच्याबरोबर चंद्रही आहे. कला घटतात-वाढतात, चंद्र तोच असतो, हे तो चंद्राकडून शिकला.

मधले काही दिवस चुकले तर चुकले. वहीत तेवढी जागा कोरी सोडा आणि ज्या दिवशी परत गेलात तिथून लिहा. भरपाई म्हणून दुप्पट वेळ बसू नका.

बाहेर पडता येत नसेल तर

आजारपण, म्हातारपण, कुणाची शुश्रूषा यामुळे घर सुटत नसेल तर खिडकी ही तुमची जागा. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पलंगाची दिशा बदलून घ्या. खिडकीत काहीच नसेल तर ओल्या कापसावर चार बिया ठेवा. अंकुराचं टोक कोणत्या बाजूने फुटतं, मूळ खाली कसं वळतं, हे पाहायला आठवडा सहज जातो. एखादं बी रुजणारच नाही. तेही वहीत लिहा.

वर्ष पूर्ण झाल्यावर

पहिल्या वर्षात वही मागे उलटून फारसं वाचू नका. वर्ष भरलं की एका बैठकीत सगळी डावी बाजू वाचून काढा, फक्त डावी. मग एक दिवस जाऊ द्या आणि उजवी वाचा. सुरुवातीला मिटून ठेवलेलं वाक्य आता उघडा आणि आज ते कसं लिहाल ते त्याखाली लिहा. वाक्य जसंच्या तसं राहिलं असेल तर त्याच जागी दुसरं वर्ष सुरू करा. बदललं असेल तर नव्या वाक्यासाठी नवी वही घ्या, पण झाड तेच ठेवा, कारण त्याचं एक वर्ष आता तुम्हाला माहीत आहे आणि कुठे काय नवं आहे ते पहिल्याच दिवशी ओळखता येईल.